उत्तर न येणाऱ्यांचा हात

"मॅम, या सहा जणांपैकी नक्की कुणाच्या सिद्धांतात लिहिलंय, की ज्याला उत्तर येत नाही त्यानं डावा हात वर करायचा म्हणून?"

विचारून झालं तरी अनाफे उभीच राहिली. बसायचं तिच्या लक्षातच आलं नाही. मागच्या बाकावर क्रिसेलने डोनाबेलच्या दंडाला असा काही चिमटा काढला की डोनाबेलचं हसू आणि किंकाळी एकदमच बाहेर पडली. पैज या दोघींनीच लावलेली, मधल्या सुट्टीत, केळ्याचे गरम तुरोन खाताना. "तू विचारूच शकत नाहीस," क्रिसेल बोटांचा पाक चाटत म्हणाली होती, "बाकी कुणीही विचारेल गं, पण तू नाही. तुला घरी जेवायचंय." कारण फळ्यापाशी उभ्या असलेल्या मॅम सेलिस म्हणजे अनाफेची आई. शाळेच्या फाटकाच्या आत मॅम, फाटकाबाहेर नानाय. बारावीचं वर्ष सुरू झालं त्या दिवशी जेवताना हा नियम ठरला होता आणि अनाफेने तो एकदाही मोडला नव्हता. आत्ताही तिने मॅमच म्हटलं होतं, आणि अगदी आदबीनं. फळ्यावर सहा चित्रं ओळीनं चिकटवलेली होती: पाव्लोव, थॉर्नडाइक, स्किनर, पियाजे, व्हिगॉट्स्की, बांडुरा. खाली नानायच्या गोलगोल अक्षरांत नावं. माणूस शिकतो कसा, हा उद्याच्या पाठाचा विषय. उद्या निरीक्षक येऊन मागच्या बाकावर बसणार, हातात छापील तक्ता घेऊन, आणि त्या तक्त्यात ते काय लिहितात त्यावर मॅम सेलिस बढती मिळून मास्टर टीचर होणार की नाही ते ठरणार. म्हणून आज रंगीत तालीम. तालमीतला मुख्य भाग हातांचा. तो या शाळेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही: पाहुणे बसलेले असताना प्रश्न आला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा. मागे बसलेल्याला दिसतं ते नुसतं हातांचं रान, आणि पुढे उभी असलेली बाई बरोबर उजव्यांतलाच एखादा उठवते.

आज मॅमनी ते पुन्हा एकदा बजावलं होतं आणि बजावताना एक गंमत केली होती. वर्गाकडे चक्क पाठ फिरवली आणि मग आपला उजवा हात वर केला. "हा. येत असेल तर हा." मग डावा. "आणि हा, नसेल तर." झुंबा शिकवणाऱ्या बाईसारख्या. वर्ग फिसकन हसला. सतरा-सतरा वर्षांच्या घोड्यांना उजवं-डावं असं दाखवायचं? "मॅम, आम्ही बालवाडीत नाही हो!" कुणीतरी ओरडलंसुद्धा. त्या हसण्याच्या आडोशानंच क्रिसेलने अनाफेच्या पाठीत पेन टोचलं होतं, आत्ता, आत्ता विचार, आणि अनाफे उठली होती.

मॅमचा मार्कर टोपणासकट हवेत थांबला. त्यांनी अनाफेकडे बघितलं. बाईनं मुलीकडे बघावं तसं नव्हे, आईनं लेकीकडे बघावं तसंही नव्हे. रस्ता ओलांडायच्या आधी माणूस जसं दोन्हीकडे बघतो तसं. मग त्या हसल्या. "वा. फार छान प्रश्न. चला सगळे, अनाफेसाठी फटाका-टाळी!" आणि चाळीस पोरांनी विचार न करता तळहात तळहातावर घासून वर सोडले, श्शूऽऽऽ, आणि डोक्यावर नेऊन फोडले, फट्! पहिलीपासूनची सवय. अनाफे खाली बसली. अंगातून एक गरम, गोड लाट पायापर्यंत गेली. कानांच्या पाळ्या तापल्या. आणि लाट ओसरते न ओसरते तोच तिला स्वतःच्या अंगाचा राग आला. उत्तर मिळालं नव्हतं. टाळी मिळाली होती. आणि हे अंग, हे मूर्ख अंग, टाळीवरच खूश होऊन बसलं होतं. दाणा पडला की चोच मारणारं ते स्किनरसाहेबांचं कबुतर, तसंच.

साडेचारला शाळा सुटली. क्रिसेलने फाटकातच हार कबूल केली. "उद्याचे तुरोन माझ्याकडून. पण काय गं, तुझी आई पांढरीफटक पडली होती. बघितलंस?" "पडली नव्हती." "पडली होती बाई. ही डोनाबेल सांगेल." डोनाबेल म्हणाली, "मला वाटलं आता ती तुला दत्तक देऊन टाकते." तिघी हसल्या, आणि अनाफे ला पाझला जाणाऱ्या जीपनीत चढली. दारालगतची जागा मिळाली. तिला तीच आवडायची. वारा लागायचा, आणि मागे मागे पळणारा रस्ता बघता यायचा; जणू शहर कुणीतरी तिच्यासमोरून गुंडाळून घेत चाललंय. आतल्या बायांनी भाड्याची नाणी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात पुढे सरकवली, ती अनाफेच्या तळहातावरूनही गेली, आणि तिला वाटलं, हे कुणी शिकवलं आपल्याला? कधी? कुठल्या इयत्तेत? हल्ली तिला हा नादच लागला होता. गेले पंधरा दिवस घरात या सहा माणसांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. नानाय भांडी घासताना पुटपुटायची, इस्त्री करताना पुटपुटायची, आणि अनाफे कार्ड धरून तिची उजळणी घ्यायची. पाव्लोवचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचं कबुतर. कुत्र्याला घंटेनं लाळ सुटते, मांजर पेटीत धडपडत-चुकत कधीतरी खिट्टी उघडतं, कबुतर दाण्यासाठी गोल गोल फिरतं. इतकी जनावरं शिकवून झाल्यावर कुठे एका माणसाला सुचलं की घरातल्या पोरांकडे बघावं, आणि ती पोरं त्याची स्वतःचीच होती, तिघं. पियाजेचं हे वाचून अनाफे हसत सुटली होती. म्हणजे बिचारी ती तीन पोरं! दूध सांडलं तरी बाप वही काढणार. नानायसुद्धा हसली होती, पण अर्धवटच, मग म्हणाली होती, "पुढचं कार्ड."

जीपनी पुलावर चढली. खाली नदी संध्याकाळच्या उन्हात पितळेसारखी. आणि पुलाच्या चढावर, गाडीनं गिअर बदलला त्या हिसक्यासरशी, तिच्या डोळ्यांसमोर नानायची पाठ आली. नुसती पाठ. निळ्या गणवेशावर घामाचा होडीसारखा डाग, मानेवर वर बांधलेले केस, आणि वर गेलेला उजवा हात. सतरा वर्षांच्या मुलांना कोण असं दाखवतं? तोंडानं "उजवा" म्हटलं की झालं. नानाय विसरभोळी नव्हती, विनोदीही नव्हती. वर्गात तर नव्हतीच. मग पाठ का फिरवली? आपल्याला बघून मुलं जशीच्या तशी नक्कल करतात, समोरून केलं तर उलटं करतात, या धास्तीनं? पण अशी धास्ती कुणाला असेल? ज्याच्या हातून एकदा ते उलटं झालंय त्याला.

अनाफेने दाराची दांडी घट्ट धरली. पुलाचा उतार लागला होता, त्याचंही असेल.

पहिलीचा वर्ग. तेव्हा नानाय पहिलीला शिकवायची आणि अनाफे तिच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, तेलानं चप्प बसवलेले केस, हातावर चांदणीचा जांभळा शिक्का. चांगलं वागलं की नानाय मनगटावर शिक्का मारायची. अनाफे अंघोळ करताना तो हात पाण्याबाहेर धरायची. त्या दिवशी सकाळी फाटकातून गाडी आत येताना दिसली आणि नानाय घाईघाईनं म्हणाली, "ऐका. सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर हा, नसेल तर हा." मुलांकडे तोंड करून तिनं आपला उजवा हात दाखवला, मग डावा. उजवा-डावा असले शब्द सहा वर्षांच्या पोरांना सांगण्यात अर्थ नव्हता. बघा आणि करा. बांडुरानंही हेच सांगून ठेवलंय: मूल बघतं आणि करतं, मोठ्या माणसानं बाहुलीला बुक्का मारला तर मूलही बाहुलीला बुक्का मारतं. वर्गानं बघितलं होतं. वर्गानं केलंही होतं, अगदी बिनचूक, जसं दिसलं तसं. ज्या बाजूला नानायचा हात त्याच बाजूला आपला. पुठ्ठ्याच्या घड्याळाचा पाठ होता. मोठा काटा नऊवर. किती वाजले? अनाफेला कळेना. पावणे-सव्वाचं तिला त्या वयात काहीच समजत नसे. म्हणून तिनं न येणाऱ्यांचा हात वर केला, नानायने दाखवला होता त्याच बाजूचा, म्हणजे स्वतःचा उजवा. आणि नानायचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा अनाफे कधी विसरली नव्हती. "अनाफे! सांग बघू."

ती उभी राहिली. मागे निरीक्षकबाई होत्या, सुवासिक लाकडाच्या हातपंख्यानं वारा घेत. फट, फट, फट. अनाफेला वाटलं होतं की आपण तर सांगितलंय येत नाही म्हणून. मग का उठवलं? काहीतरी आपलंच चुकलं असणार. ती त्या घड्याळाकडे बघत राहिली. नानाय हसत होती, भुवया उंच करून, सांग ना, येतंय तुला, आणि मग ते हसू नुसतं दातांपुरतं राहिलं आणि ती घाईनं म्हणाली, "बरं, दुसरं कोण?" दुसऱ्यालाही येईना. तिसऱ्यालाही. पंखा थांबला. त्या थांबण्याचा आवाज आला, खरोखर आला. बस. एवढंच. दुपारी घरी येताना नानायने तिला आंब्याचं बर्फगोळ्यासारखं काहीतरी घेऊन दिलं होतं. त्या वर्षी बढती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. हे अनाफेला कुणी सांगितलं नाही. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून मुलांना जे कळतं तसं कळलं. आणि तिनं ठरवून टाकलं की हे आपण केलं.

त्यानंतर शाळेत तिचा आवाजच बंद झाला. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तेच वाक्य, फक्त अक्षर बदलायचं: मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. चर्चमध्ये एखाद्या म्हातारीनं पंखा उघडला की तिच्या तोंडातलं पाणी आटायचं. पाव्लोवच्या कुत्र्याचं बरोबर उलटं. गप्प बसलं की कुणी उठवत नाही, कुणी उठवलं नाही की किती बरं वाटतं, आणि बरं वाटलं की माणूस आणखी गप्प बसतो, हे स्किनरचं. ही सहा माणसं जणू तिच्या त्या गप्प वर्षांवरच पाळीपाळीनं चष्मा लावून वाकली होती. आवाज परत आला तोही शाळेत नव्हेच, तातयच्या, म्हणजे वडिलांच्या, खाणावळीत. बाजारातल्या त्या बॅचोयच्या, शेवयांच्या रश्श्याच्या, दुकानात गिऱ्हाइकाची मागणी आतल्या चुलीपर्यंत ओरडून पोचवायचं काम मावशीचं होतं, आणि मावशी लग्न करून बाकोलोदला गेली. तेव्हा अनाफे बारा वर्षांची. पहिल्या दिवशी ती तातयच्या कानाशी जाऊन सांगायची. तातय म्हणाला, "काय? चूल किती आवाज करतेय बघ. मोठ्यानं." मग जरा मोठ्यानं. "अजून." त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही, तो शेवया उकळीत बुडवत होता. "अजून." आणि आठ दिवसांनी कधीतरी तिच्या पोटातून एक आवाज निघाला तो सगळ्या बाजारानं ऐकला: "एक मोठा, काळीज नको, चरबी जास्त!" कोळणी हसल्या. कुणीतरी शिट्टी मारली. हा आपला? हा एवढा? तिला तो आवाज इतका आवडला की मग तिनं तो सगळीकडे न्यायला सुरुवात केली. वर्गात, चर्चच्या वाचनात, शाळेच्या बातम्यांच्या स्पर्धेत. हल्ली तर क्रिसेल म्हणायची, तुझं बटण कुठं असतं गं, बंद करायचं?

आणि आज त्याच आवाजानं तिनं विचारलं होतं, कुणाच्या सिद्धांतात लिहिलंय म्हणून. गंमत म्हणून. तुरोनसाठी. जीपनी बाजाराशी आली. तिनं "इथेच, इथेच!" म्हणत उडी मारली, तरी मनातली ती पाठ तशीच उभी. पियाजेनं म्हणे टेबलावर तीन डोंगरांचा देखावा मांडला, पलीकडच्या बाजूला बाहुली बसवली, आणि लहान मुलांना विचारलं, बाहुलीला काय दिसत असेल? मुलांनी आपल्याला दिसतं तेच सांगितलं. लहान मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून बघता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. कार्डावर तो निळ्या शाईत होता. अनाफे मासळीबाजाराच्या ओल्या फरशीवर मधोमध थांबली. मागच्या बाईची टोपली तिच्या कमरेला लागली. "अगं ए महाराणी, चालतेस की मुक्काम करतेस?" "चालते, चालते, सॉरी मानांग!" पण ती चालली नाही. त्या खोलीत त्या सकाळी ज्याला दुसऱ्याच्या जागेवरून बघता आलं नाही, ते कुणी सहा वर्षांचं नव्हतं. ते तीस वर्षांचं होतं, शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेलं होतं, आणि त्यानं चाळीस पोरांसमोर उभं राहून त्यांना जसं दिसेल तसं एकदाही बघितलं नव्हतं. आणि पोरं? पोरांनी तर पाहिलं तसं शिकून दाखवलं! मी बरोबर हात वर केला होता, अनाफे मनात म्हणाली. मग ओठांतल्या ओठांत म्हणाली. मग, तिचंच बटण ते, मोठ्यानं म्हणाली, "मी बरोबर हात वर केला होता!" आणि झिंग्यांचे ढीग लावणाऱ्या बाईनं मान वर न करता म्हटलं, "केला असशील बाई. आता वाट सोड."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, अकरा वर्षं दप्तराच्या तळाशी कुणीतरी ठेवलेली वीट आज काढून फेकली, आणि पाठ इतकी हलकी झाली की तोल जाईल. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं, ओलं, थंड. पाठ फिरवून हात दाखवणारीला हे ठाऊक आहे. कधीपासून? आजपासून? की...

तातयच्या खाणावळीत सहाची गर्दी ओसरत होती. ती दप्तर टाकून कामाला लागली, चार-पाच मागण्या ओरडली, वाट्या पुसल्या. तातय म्हणाला, "आज आवाजाला धार आहे. कुणाशी भांडून आलीस?" "अजून नाही." "मग जेवून घे आधी. उपाशीपोटी भांडणारा हरतो." तेवढ्यात नानाय आली, काखेत कागदांची गुंडाळी, त्यातून पियाजेची दाढी नसलेली हनुवटी डोकावत होती. तिनं टेबलाखाली चपला काढल्या, पाय पायावर घासले. तातयने तिघांच्या वाट्या ठेवल्या, वर चुरलेली कुरकुरीत चरबी, लसूण, कांद्याची पात.

"तुझ्या लेकीनं आज भर वर्गात माझी फिरकी घेतली," नानाय म्हणाली.

"माझी कधीपासून? सकाळपर्यंत तुझी होती." तातयने खुर्ची जवळ ओढली. "काय विचारलंन?"

नानायने सांगितलं. तातय इतका हसला की पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा वळून बघायला लागला. "मग? काय उत्तर दिलंस?"

"टाळी दिली."

"शाबास. आणि तो कोण तो, कुत्र्याला घंटा वाजवून दाखवणारा? त्याला म्हणावं माझ्या बॅचोयची वाटी ठेव कुत्र्यासमोर. घंटेचा खर्चच वाचेल."

नानाय हसली. अनाफे हसली नाही. तिनं चमचा वाटीच्या काठाला टेकवून ठेवला. "नानाय, तू पाठ का फिरवलीस?"

"कधी?"

"आज. हात दाखवताना."

"असंच. सवय आहे."

"कधीपासूनची?"

नानायने वाटीतल्या शेवया एका बाजूला केल्या, मग दुसऱ्या बाजूला. तातय एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. नानायने अनाफेच्या डोळ्यांत बघितलं, आणि अनाफेला कळलं की आता खोटं येणार नाही. जे येणार होतं त्याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

"त्याच दुपारपासून," नानाय म्हणाली. "शाळा सुटली. निरीक्षकबाई गेल्या. तू बाहेर झोक्यावर होतीस. मी विचार करत होते, सगळ्या वर्गाला एकदम काय झालं? यांना येत होतं. काल येत होतं. म्हणून मी तुझ्या बाकावर जाऊन बसले. गुडघे मावेनात माझे. आणि मी समोर उभी आहे असं धरून हात वर केला. तेव्हा दिसलं."

"काय दिसलं?" तातय म्हणाला.

"की मी पोरांना उलटं शिकवलं. ज्यांना येत नव्हतं त्यांनाच उठवत होते. हिला उठवलं. हिनं बरोबर केलं होतं."

"आणि मला अकरा वर्षं सांगितलं नाहीस?" हे तातय म्हणाला, अनाफे नव्हे.

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मासळीवालीनं मला शिकवायला घेतलं असतं."

"मला," अनाफे म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते, इंदाय, बाळा. दुसऱ्या दिवशी तू गप्प होतीस. वाटलं, दोन दिवसांनी विसरशील, कशाला आठवण करून द्या. मग शाळेतल्या सगळ्या म्हणायला लागल्या, तुझी पोर लाजाळू आहे गं. पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. मग मीही तेच म्हणायला लागले." नानायने बोटानं टेबलावरचा ओला गोल पुसला, तो पुन्हा उमटला. "सोपं होतं ते. लाजाळू म्हटलं की माझ्याकडे काही येत नाही. आणि नंतर तर... तू बोलायला लागलीस. इथे. याच्यापाशी. मी तिकडे त्या खांबाआड उभी राहून ऐकलं होतं, पहिल्यांदा ओरडलीस तेव्हा. मला वाटलं, झालं. आता सांगायची गरज नाही."

अनाफेने एक चमचा रस्सा प्यायला. मग दुसरा. रस्सा जिभेला चटका देत होता आणि तिला तो हवा होता. राग आला होता. खरा, भक्कम, दोन्ही पायांवर उभा राहणारा. पाच वर्षं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक वर्षाच्या पुस्तकावर ते वाक्य, आणि खाली पालकाची सही, गोलगोल अक्षरात. ती सही करणारीला ठाऊक होतं. अनाफेने तो राग तोंडात फिरवून बघितला, गिळायचा की थुंकायचा. आणि त्याच वेळी तिला दिसत होती तीस वर्षांची एक बाई, पहिलीच्या बाकात गुडघे अडकलेली, रिकाम्या वर्गात एकटीच हात वर करून बसलेली. आणि त्या बाईला कुणी उठवत नव्हतं. कुणी टाळी वाजवत नव्हतं. ती बाई त्या क्षणी शिकत होती, साऱ्या आयुष्यात शिकली नसेल इतकं. ते तिनं लपवलं, आणि शिकलेलं सगळं जिरून उरली काय, तर पाठ फिरवायची सवय. अनाफेला वाटलं, हिला मी पूर्ण माफ केलेलं नाही. कदाचित पुढच्या आठवड्यात करीन. पण त्यासाठी थांबायला वेळ नाही, उद्या सकाळी आठला पाठ आहे. या विचारानं तिला हसूच आलं, नाकातून, रश्श्यासकट.

"हसतेस काय?" नानायचा आवाज चिरकला. "उद्या काय करणार आहेस तू? परत विचारणार आहेस ते? अनाफे, अकरा वर्षांनी मला हा दिवस मिळालाय. तुला माझ्यावर राग काढायचा असेल तर इथे काढ. घरी काढ. उद्या नको."

"राग काढायला मी उद्याची वाट कशाला बघू? इथे चूल पेटलेलीच आहे," अनाफे म्हणाली. मग तिनं वाटी बाजूला सारली, दोन्ही कोपर टेबलावर ठेवले, आणि चुलीपर्यंत पोचणारा आवाज काढायचा नाही असं ठरवलं. टेबलापुरता पुरे होता. "नानाय, ऐक. तातय, तूही ऐक, म्हणजे उद्या तुम्ही दोघं मला वेडी म्हणाल तेव्हा तुला आधीच माहीत असेल. मी ठरवलंय. बाकीच्यांनी कुठला हात करायचा ते तू आणि ते बघा, मी कुणाला फितवणार नाही. माझं सांगते. उद्या तू व्हिगॉट्स्कीचा प्रश्न विचारलास की मी डावा हात वर करणार. मला त्याचं उत्तर येत नाही."

"तुला येतं! काल कार्डावर घडाघडा म्हटलंस."

"म्हटलं. व्याख्या म्हटली. एकट्यानं जमत नाही ते दुसऱ्याच्या मदतीनं जमतं, त्या मधल्या पट्ट्यात माणूस शिकतो. पाठ आहे. कळलेलं नाही. ते जमलं ते कुणाला जमलं, मला की मदत करणाऱ्याला? आणि तो मदत करणारा बाजूला कधी होतो, त्याला कसं कळतं? मी पंधरा दिवस तुझी उजळणी घेतेय आणि मला हे कळत नाहीये, आणि मला वाटतं तुलाही नीट कळलेलं नाही."

तातय हळूच म्हणाला, "आणि तो मागे बसलेला साहेब?"

"तो बघायलाच येतोय ना, माणूस शिकतो कसा? बघू दे. नानाय, तू मला उठवायचंस. मी सांगणार, मॅम, मला हे येत नाही. मोठ्यानं. मग तू मला शिकव. तिथेच, फळ्यापाशी, सगळ्यांसमोर. शिकवणं तुला येतं. या आठवड्यात मी तुला दुसरं काही करताना बघितलेलंच नाही. आणि मधे मी गप्प झाले, तर घाबरून दुसऱ्या कुणाला उठवू नकोस. मी बोलणार आहे. थोडा वेळ लागेल, एवढंच."